सायमन गो बॅक आणि क्विट इंडिया, या दोन्ही घोषणा ज्यांच्या नावावर जमा आहेत ते मुंबईचे महापौर युसूफ मेहेरअली

ऑगस्ट महिना आला की क्रांती दिनाच्या पोस्ट सुरू होतात. गांधीजींचा फोटो, गवालिया टँक मैदानाचा जुना फोटो आणि खाली दोन शब्द, क्विट इंडिया. मराठीत आपण त्याला चले जाव म्हणतो, छोडो भारत म्हणतो.

शाळेत इतिहासाच्या पेपरला अजून एक घोषणा हमखास यायची. सायमन गो बॅक. तिच्यासोबत लाला लजपतराय यांचं नाव पाठ केलेलं असायचं.

या दोन घोषणांमध्ये १४ वर्षांचं अंतर आहे. पहिली १९२८ ची, दुसरी १९४२ ची. पण दोन्हींचं श्रेय एकाच माणसाला दिलं जातं, आणि तो माणूस पक्का मुंबईकर होता. १९४२ साली तो या शहराचा महापौरही होता.

त्यांचं नाव युसूफ मेहेरअली. पूर्ण आयुष्य मिळालं अवघं ४६ वर्षांचं, आणि त्यातही तुरुंगाच्या वाऱ्या आठ.

एवढं सगळं असूनही आज मुंबईत दहा जणांना हे नाव विचारलं तर किती जण सांगतील, हा प्रश्नच आहे. म्हणूनच ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

आधी नावाचा प्रवास बघू

युसूफ हे नाव आपल्याला ओळखीचं वाटतं, पण त्याचा पसारा केवढा आहे ते बघण्यासारखं आहे.

मूळ नाव हिब्रू भाषेतलं, योसेफ. बायबलमध्ये आणि कुराणातही याच नावाच्या माणसाची गोष्ट येते. सावत्र भावांनी विहिरीत टाकलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, इजिप्तमध्ये तुरुंगात पडलेला आणि शेवटी त्याच देशाचा कारभार बघणारा. कुराणातला बारावा अध्याय याच नावाचा आहे.

पुढे हे नाव जिथे गेलं तिथलं होऊन गेलं. इंग्रजीत जोसेफ, इटालियनमध्ये ज्युसेप्पे, पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलं तेव्हा जुझे. युरोपच्या बाल्कन भागावर ऑटोमन तुर्कांची सत्ता आली आणि त्यांच्यासोबत युसूफ हे नाव बोस्निया आणि अल्बेनियापर्यंत पोचलं. या दोन देशांची भाषा वेगळी, वंशाचा इतिहास वेगळा. पण हे नाव दोघांकडेही आहे. रोमन लिपीत ते जे अक्षराने लिहितात, कारण तिकडे जे चा उच्चार य असा होतो. अल्बेनियन लोकांत त्याचं इसुफ असंही रूप सापडतं. नावावरून आडनावंही पडली, बोस्नियात युसुफोविच आणि अल्बेनियन लोकांत युसुफी.

एनबीए बघणाऱ्यांना युसुफ नुर्किच हा धिप्पाड बास्केटबॉलपटू माहीत असेल, तो बोस्नियाचा. युसुफ गेर्वाला हे कोसोव्होतले अल्बेनियन कवी आणि पत्रकार. आपल्या लोकांच्या हक्कांसाठी लढताना १९८२ साली पश्चिम जर्मनीत त्यांची हत्या झाली.

आता मुंबईत या. जोगेश्वरीच्या टेकडीवरचं इस्माईल युसूफ कॉलेज तर अंधेरी ते बोरिवलीतल्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे. वसईपासून गोराईपर्यंतच्या ख्रिस्ती गावठाणांत घरटी एक जोसेफ सापडेल. आणि पेशावरहून आलेला युसूफ खान नावाचा तरुण मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये दिलीप कुमार झाला. त्याचा पहिला सिनेमा ज्वार भाटा, साल १९४४.

म्हणजे साधारण त्याच काळात या शहरात दोन युसूफ नावारूपाला येत होते. एकाला सिनेमाने नवं नाव दिलं, ते देशाच्या तोंडी बसलं. दुसऱ्याने देशाला दोन घोषणा दिल्या, त्या तोंडी बसल्या, पण त्याचं नाव मागे पडलं.

गिरणीमालकांच्या घरातला मुलगा

युसूफ मेहेरअली यांचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईत झाला. घर खाऊनपिऊन सुखी नव्हे, चांगलं श्रीमंत होतं. त्यांचे पणजोबा मुंबईतल्या सुरुवातीच्या कापड गिरण्या उभारणाऱ्यांपैकी एक होते.

अशा घरातल्या मुलाने काय करायचं हे त्या काळी ठरलेलं असायचं. चांगलं इंग्रजी शिक्षण घ्यायचं, धंदा सांभाळायचा, सरकारदरबारी ओळखी ठेवायच्या आणि जमलंच तर एखादी पदवी मिळवायची.

युसूफ यांनी शिक्षण तर घेतलं. एल्फिन्स्टन कॉलेजमधून इतिहास आणि अर्थशास्त्र घेऊन ते १९२५ मध्ये बीए झाले. नंतर गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजमधून १९२९ मध्ये कायद्याची पदवी मिळवली.

पण वकिली काही त्यांना करता आली नाही. त्यांच्या राजकीय उद्योगांमुळे मुंबई हायकोर्टाने त्यांना वकिलीची परवानगीच दिली नाही. त्या काळात गांधी, नेहरू, पटेल, जिना असे सगळ्या बाजूंचे नेते वकील होते. सरकारविरोधी राजकारण करूनही त्यांना आधी सनद मिळालेली होती. मेहेरअलींना मात्र ती सुरुवातीलाच नाकारली गेली.

कारण तोपर्यंत सरकारच्या वहीत त्यांचं नाव ठळक झालं होतं. आणि त्याला निमित्त होतं १९२८ च्या फेब्रुवारीतली एक पहाट.

हमालांच्या वेशात बंदरावर

आधी थोडी पार्श्वभूमी. १९१९ च्या कायद्याने भारतात जे मर्यादित सुधारणांचं सरकार आलं होतं, त्याचा आढावा दहा वर्षांनी घ्यायचा असं ठरलं होतं. ब्रिटिश सरकारने हा आढावा थोडा आधीच, नोव्हेंबर १९२७ मध्ये जाहीर केला आणि त्यासाठी सात जणांचं कमिशन नेमलं. अध्यक्ष सर जॉन सायमन.

सातही जण ब्रिटिश खासदार. भारताचं भविष्य ठरवायला निघालेल्या समितीत एकही भारतीय नाही. साहजिकच देशभर संतापाची लाट उसळली. काँग्रेसने बहिष्कार जाहीर केला, मुस्लिम लीगचा जिनांचा गटही बहिष्कारात उतरला.

मुंबईत त्याच वर्षी बॉम्बे यूथ लीग ही तरुणांची संघटना उभी राहिली होती. तिच्या मागे होते २४ वर्षांचे युसूफ मेहेरअली.

कमिशन ३ फेब्रुवारी १९२८ रोजी मुंबई बंदरावर उतरणार होतं. या पोरांनी ठरवलं की बोटी घेऊन थेट समुद्रातच पाहुण्यांना गाठायचं. पण पोलिसांना सुगावा लागला आणि तो बेत बारगळला.

मग दुसरी युक्ती काढली गेली. बंदरावर कोणालाही न अडवता कोण आत जाऊ शकतं? हमाल. तर मेहेरअली आणि त्यांचे साथीदार हमालांच्या वेशात बंदरात घुसले. कमिशनचे सदस्य उतरत होते, तेवढ्यात काळे झेंडे निघाले आणि घोषणा घुमली, सायमन गो बॅक.

पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मेहेरअलींनाही मार बसला. पण तोवर काम होऊन गेलं होतं.

या घोषणेत नेमकं काय होतं ते बघा. तीन शब्द. इंग्रजीत, म्हणजे ज्याला सांगायचंय त्याला दुभाष्याशिवाय कळावेत असे. आणि इतके सोपे की इंग्रजी न येणाऱ्या गिरणी कामगारालाही एकदा ऐकून म्हणता यावेत. मागणीपत्र नाही, ठराव नाही, विनंती नाही. फक्त परत जा.

कमिशन पुढे ज्या ज्या शहरात गेलं तिथे ही घोषणा आधीच पोचलेली असायची. ऑक्टोबर १९२८ मध्ये लाहोरला याच कमिशनविरोधातल्या मोर्चाचं नेतृत्व करताना लाला लजपतराय यांच्यावर लाठीहल्ला झाला आणि १७ नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. त्यामुळे सायमन गो बॅक म्हटलं की लालाजी आठवतात, ते योग्यच आहे. पण घोषणा जन्मली ती मुंबईत, बंदरावर.

यातला एक योगायोग तर कमाल आहे. त्या दिवशी मुंबईत उतरलेल्या सात खासदारांमध्ये क्लेमंट अॅटली नावाचे एक गृहस्थ होते. १९४७ साली भारताला स्वातंत्र्य देण्याचा कायदा ब्रिटिश संसदेत मंजूर झाला तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान हेच अॅटली होते.

मीठ, नाशिकचा तुरुंग आणि समाजवादी मित्र

१९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि मुंबई पेटली. तेव्हाच्या उपनगरात विलेपार्ल्याला जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने सत्याग्रहाची छावणी उभी राहिली. शहरात ठिकठिकाणी बेकायदा मीठ विकलं जाऊ लागलं. मेहेरअली या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले.

१९३२ मध्ये पुन्हा अटक झाली. या वेळी आरोप कटाचा होता आणि शिक्षा दोन वर्षांची. रवानगी झाली नाशिकच्या तुरुंगात.

ब्रिटिशांची ही चूक होती असं गमतीने म्हणता येईल. कारण त्यांनी ज्या हुशार, चिडलेल्या आणि भरपूर वाचणाऱ्या तरुणांना देशभरातून पकडलं, त्यातले अनेक जण नाशिकला एकत्र आले. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता. दिवसभर चर्चा, वाद, पुस्तकं. इंग्रज गेल्यावर देश कोणाचा असेल? गिरणीमालकाचा की गिरणी कामगाराचा? जमीनदाराचा की कुळाचा?

या चर्चांमधून १९३४ मध्ये काँग्रेसच्या आतच काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. मेहेरअली त्याच्या संस्थापकांपैकी एक.

गिरणीमालकांच्या घरातला मुलगा आता उघडपणे गिरणी कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या बाजूने बोलत होता. वेगवेगळ्या प्रांतांत फिरत होता. अटक होत होती, सुटत होता, परत फिरत होता.

अमेरिकेत गेले आणि पुस्तकांची कमतरता कळली

१९३८ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसार कॉलेजमध्ये जागतिक युवक परिषद भरली. भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व मेहेरअलींनी केलं. जग दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर होतं आणि भारताची बाजू मांडायची ही मोठी संधी होती.

तिथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. इतर देशांतल्या तरुणांकडे आपल्या प्रश्नांवर छोटी, स्वस्त, चटकन वाचून होतील अशी पुस्तकं असायची. भारतात असं काही फारसं नव्हतं. एक तर जाडजूड ग्रंथ, नाहीतर भाषणं.

म्हणून परत आल्यावर त्यांनी पद्मा पब्लिकेशन्सच्या माध्यमातून चालू विषयांवरच्या पुस्तिकांची मालिका सुरू केली. आजच्या भाषेत सांगायचं तर एक्सप्लेनर. एक विषय, थोडी पानं, सोपी मांडणी.

स्वतः त्यांनीही बरंच लिहिलं. काय वाचावं याची तरुणांसाठी विषयवार यादी करून दिली. लीडर्स ऑफ इंडिया या पुस्तकात देशातल्या नेत्यांची शब्दचित्रं लिहिली, ती गुजराती, हिंदी आणि उर्दूतही गेली. फाळणीच्या काही वर्षं आधी त्यांनी एक पुस्तक लिहिलं, त्याचं नावच अ ट्रिप टू पाकिस्तान असं होतं.

घोषणा देणारा माणूस म्हणून त्यांना ओळखणाऱ्यांनी ही बाजू लक्षात ठेवायला हवी. हजारो पानं वाचणारा माणूस दोन शब्दांत मांडणी करतो तेव्हा त्या दोन शब्दांना वजन येतं.

तुरुंगातून थेट महापौरपदावर

आता येऊ १९४२ वर.

वर्षाच्या सुरुवातीला मेहेरअली लाहोरच्या तुरुंगात होते. इकडे मुंबईत महापौरपदाची निवडणूक आली आणि काँग्रेसकडून नाव पुढे आलं ते या कैद्याचं. निवडणुकीसाठी त्यांची सुटका झाली आणि ३८ व्या वर्षी ते मुंबईचे महापौर झाले. तोवर इतक्या कमी वयाचा महापौर शहराने पाहिला नव्हता.

इथे उपनगरवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. मेहेरअली ज्या मुंबईचे महापौर होते त्या मुंबईत अंधेरी नव्हती, घाटकोपर नव्हतं, बोरिवली आणि मुलुंड तर नव्हतंच. तेव्हा महापालिकेची हद्द माहीम आणि सायनपाशी संपायची. पलीकडे होता मुंबई उपनगर जिल्हा, तिथल्या गावांचा कारभार वेगळा. पार्ल्याचा माणूस तेव्हा खरोखरच मुंबईला जाऊन येतो असं म्हणायचा.

आणि काळ कसा होता? सिंगापूर जपानने फेब्रुवारीत घेतलं होतं, मार्चमध्ये रंगून पडलं. मुंबईवर बॉम्ब पडणार या भीतीने लोक गावाकडे निघाले होते. अशा वेळी महापौर झालेल्या मेहेरअलींनी शहरासाठी लोकांचं स्वयंसेवक दल उभं केलं. सरकारच्या भरवशावर बसायचं नाही, शहर शहरवासीयांनीच सांभाळायचं हा विचार त्यामागे होता.

मुंबईत कारभाराच्या खऱ्या चाव्या १८८८ च्या कायद्यापासून आयुक्ताच्या हातात आहेत, महापौर हा पहिला नागरिक. पण त्या वर्षी या पहिल्या नागरिकाच्या शब्दाला वेगळंच महत्त्व येणार होतं.

दोन शब्द कसे ठरले?

१९४२ च्या उन्हाळ्यापासून गांधीजी ब्रिटिशांनी भारतातून निघून जावं असं उघडपणे लिहू लागले होते. क्रिप्स योजना फसली होती. १४ जुलैला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने त्या अर्थाचा ठराव केला. मोठं आंदोलन होणार हे नक्की झालं.

पण आंदोलनाला नाव हवं होतं. लोकांच्या तोंडी बसेल अशी घोषणा हवी होती.

गांधीजी मुंबईत सहकाऱ्यांशी याबद्दल बोलले. हा प्रसंग के. गोपालस्वामी यांनी गांधी अँड बॉम्बे या पुस्तकात नोंदवून ठेवला आहे. कोणीतरी गेट आउट सुचवलं. गांधीजींना ते उद्धट वाटलं. राजगोपालाचारींनी रिट्रीट किंवा विथड्रॉ असे शब्द सुचवले. तेही जमलं नाही. मग युसूफ मेहेरअलींनी गांधीजींना एक धनुष्य भेट दिलं. त्यावर कोरलं होतं, क्विट इंडिया. गांधीजींनी लगेच होकार दिला आणि शब्द ठरला.

सुचवलेल्या शब्दांत फरक काय होता हे पाहिलं तर मेहेरअलींची नजर कळते. गेट आउट हे घरातून हाकलून देण्यासारखं. विथड्रॉ हे सैन्याच्या हुकमासारखं किंवा सरकारी कागदासारखं. क्विट यात शिवी नाही आणि विनवणीही नाही. जागा सोडा, एवढंच. घरमालकाने मुदत संपलेल्या भाडेकरूला सांगावं तसं. अहिंसेच्या आंदोलनाला शोभणारा आणि तरीही न वाकणारा शब्द.

बरं, शब्द सुचवून ते थांबले नाहीत. पद्मा पब्लिकेशन्सने क्विट इंडिया नावाची गांधीजींच्या लेखांची पुस्तिका काढली. ती बघता बघता संपली. क्विट इंडिया लिहिलेले बिल्ले छापून घेतले गेले. ऑगस्टचं अधिवेशन भरायच्या आधीच हे दोन शब्द मुंबईकरांच्या छातीवर लागलेले होते.

७ आणि ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँक मैदानावर काँग्रेसचं अधिवेशन झालं. ८ च्या रात्री ठराव मंजूर झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह सगळ्या मोठ्या नेत्यांना अटक झाली. मुंबईच्या महापौरांनाही. चार महिन्यांपूर्वी तुरुंगातून बाहेर आलेला माणूस पुन्हा आत गेला.

बाहेर मात्र घोषणा राहिली होती. अरुणा असफ अली यांनी मैदानावर झेंडा फडकवला. उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतूनच गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, ज्यावर काही वर्षांपूर्वी सिनेमाही आला. अच्युतराव पटवर्धन, राममनोहर लोहिया भूमिगत राहून लढत राहिले. मेहेरअलींचे समाजवादी मित्र या लढ्यात सगळीकडे होते.

उपचार नाकारले, कारण

तुरुंगात मेहेरअलींना हृदयविकाराचा झटका आला. वय जेमतेम चाळिशीचं.

सरकारने त्यांच्यासाठी सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये खास उपचारांची तयारी दाखवली. शहराचा महापौर कैदेत दगावला असता तर सरकारलाच ते महागात पडलं असतं.

मेहेरअलींनी एक अट घातली. त्यांच्यासोबत आणखी दोन स्वातंत्र्यसैनिक कैदी आजारी होते. त्यांनाही तेच उपचार मिळाले पाहिजेत. सरकारने नकार दिला. मग मेहेरअलींनीही नकार दिला.

हे एका वाक्यात वाचून पुढे जाणं सोपं आहे. पण हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, उपचार समोर आहेत, आपल्याला फक्त हो म्हणायचंय, अशा वेळी दुसऱ्या दोन कैद्यांसाठी नाही म्हणणं याची किंमत त्यांना ठाऊक होती. ती त्यांनी पुढे सात वर्षं भरली.

१९४३ मध्ये त्यांची सुटका झाली. तब्येत मात्र कायमची खालावली होती. तरीही लिहिणं आणि फिरणं चालूच राहिलं.

देश स्वतंत्र झाला, सोबत फाळणीही आली. समाजवाद्यांनी १९४८ मध्ये नाशिकच्या अधिवेशनात काँग्रेसमधून बाहेर पडायचं ठरवलं. ज्या पक्षाला घोषणा दिली, तोच पक्ष आता सत्तेत होता आणि मेहेरअली विरोधी बाजूला. मंत्रिपदं वाटली जात असताना तिकडे पाठ फिरवून त्यांनी पुन्हा कष्टाचा रस्ता धरला.

लोकल थांबली

२ जुलै १९५० रोजी युसूफ मेहेरअली गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबई थांबली. बस थांबल्या, ट्राम थांबल्या आणि काही मिनिटांसाठी लोकल गाड्याही जागच्या जागी उभ्या राहिल्या. शाळा, कॉलेजं, दुकानं बंद होती. गिरण्यांचे भोंगे वाजले नाहीत. शेअर बाजारातले व्यवहार थांबले.

लोकल थांबणं म्हणजे काय हे मुंबईकराला समजावून सांगायची गरज नाही. पाऊस, बिघाड, आंदोलन, काहीतरी असल्याशिवाय ती थांबत नाही. त्या दिवशी ती एका माणसासाठी थांबली. तो मंत्री नव्हता, मुख्यमंत्री नव्हता. आठ वर्षांपूर्वी काही महिने महापौर होता, एवढंच. गिरणी कामगार आणि शेअर दलाल एकाच वेळी एकाच माणसासाठी गप्प उभे राहिले, असे प्रसंग या शहरात फार नाहीत.

त्याच वर्षी, त्यांच्या निधनाच्या काहीच महिने आधी महापालिकेची हद्द वाढली होती. अंधेरी आणि घाटकोपर मुंबईत आले होते. बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये आले.

मग आपण विसरलो कसे?

याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

पहिलं म्हणजे ते लवकर गेले. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली, ती त्यांनी पाहिलीच नाही. स्वतंत्र भारतात जे नेते आमदार, खासदार, मंत्री म्हणून वर्षानुवर्षं दिसत राहिले, त्यांची नावं लोकांच्या डोक्यात राहिली.

दुसरं, त्यांचा पक्ष. समाजवादी पुढे फुटत गेले, जुळत गेले, परत फुटले. आपल्या माणसांची आठवण सांभाळायला लागते ती एकसंध संघटना त्यांच्याकडे उरली नाही.

तिसरं, घोषणेचा स्वभावच तसा असतो. ती जितकी यशस्वी होते तितकी ती लिहिणाऱ्यापासून दूर जाते. क्विट इंडिया गांधीजींची झाली, सायमन गो बॅक लालाजींची झाली. मेहेरअलींनी त्यावर कधी हक्क सांगितल्याचं ऐकिवात नाही.

आणि आज हे नाव परत दिसू लागलंय ते एका वेगळ्याच कारणाने. स्वातंत्र्यलढ्यात कोणत्या समाजाने किती वाटा उचलला यावर सोशल मीडियावर भांडणं होतात, तेव्हा त्यांचं नाव यादीत येतं. एक बाजू ते पुरावा म्हणून टाकते, दुसरी बाजू शंका घेते. दोन्हीकडे माणूस हरवतो. मेहेरअलींचं राजकारण पाहिलं तर ते स्वतःला कोणत्या समाजाचे प्रतिनिधी म्हणून उभे करत नव्हते. ते धर्माच्या नावावर देश तोडायच्या विरोधात होते, आणि त्यांची रोजची भांडणं होती ती मजुरी, जमीन आणि तुरुंगातल्या शेजारच्या आजारी कैद्याच्या औषधासाठी.

नाव आज कुठे आहे?

दक्षिण मुंबईत मस्जिद बंदर भागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. आणि मुंबई-गोवा हायवेने जाताना पनवेल ओलांडलं की तारा गावाजवळ युसूफ मेहेरअली सेंटर लागतं.

१९६१ मध्ये हे सेंटर उभं करणाऱ्यांमध्ये पुढे होते स्वातंत्र्यसैनिक डॉ. जी. जी. पारीख. १९४२ च्या आंदोलनात विद्यार्थी असताना तुरुंगात गेलेले. मेहेरअलींचा पुतळा बांधण्याऐवजी त्यांनी त्या नावाने दवाखाना, शाळा आणि ग्रामोद्योग सुरू केले. घाण्याचं तेल, साबण, मातीची भांडी, खादी. आसपासच्या आदिवासी पाड्यांसाठी हे काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे.

कोकणात जाणाऱ्या कित्येक गाड्या रोज या पाटीसमोरून जातात. मुंबई सेंट्रलहून दिल्लीकडे निघणारी ऑगस्ट क्रांती राजधानी बोरिवलीला थांबते, तिच्या डब्यांवर त्या १९४२ च्या ऑगस्टचं नाव लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी यातलं काही दिसलं तर त्या दोन शब्दांमागचा माणूस आठवायला हरकत नाही. नाव युसूफ मेहेरअली, मुक्काम मुंबई.